मुंबईकर मुंबईचं कौतुक जरा जास्तच करतात का?

माहेर लालबाग

नमस्कार मंडळी,

माझी भाची घोटीची, इगतपुरी तालुक्यातली. सात महिने आमच्याकडे कांदिवलीला राहून तिने अंधेरीला नोकरी केली. गेल्या आठवड्यात राजीनामा दिला. नाशिकला काम मिळालंय, पगार थोडा कमी. रात्री जेवताना मी म्हटलं, "अगं, मुंबई सोडून कुणी जातं का?" तर भात कालवता कालवता म्हणाली, "मावशी, तुम्ही लोक गाडीत चेंगरून जाता आणि वर त्याचाच अभिमान सांगता. मला तो अभिमान काही जमला नाही."

घरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही. दोन रात्री तेच डोक्यात घोळत होतं.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. त्यांच्यासाठी गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडलाच नाही. पुढे त्यांनी एका गोदामावर वॉचमनची नोकरी धरली, आईने दहा-बारा जणांचे डबे सुरू केले. तरी वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "मुंबई कुणाला उपाशी झोपवत नाही." आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या दोन वर्षांत आम्हाला मुंबईने कुठे जगवलं? साताऱ्याकडून आजोबा ज्वारीची पोती पाठवायचे, त्यावर घर चाललं. एसटीच्या टपावरून पोतं उतरवून घेताना वडील कुणाशी बोलायचे नाहीत, हे मला स्पष्ट आठवतं. पण मुंबईबद्दल वाईट शब्द त्यांनी कधी काढला नाही, आणि कुणी काढला तर ऐकूनही घेतला नाही.

म्हणून विचारते. आपण मुंबईबद्दल जे जे अभिमानाने सांगतो, त्यातलं खरं किती आणि नुसती सवय किती? बाहेरून आलेल्यांनी लिहा, सोडून गेलेल्यांनीही लिहा.

कट्टा शिवाजी पार्क

ताई, भाचीला आशीर्वाद, पण मी असहमत आहे.

१६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. १९२५ ला पहिली विजेची गाडी कुर्ल्याला गेली, तीही इथूनच. ५ मे १९९२ ला फक्त बायकांसाठी अख्खी गाडी पश्चिम रेल्वेने सोडली, चर्चगेट ते बोरिवली. रणजी करंडक ४२ वेळा आपल्याकडे, त्यात १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं. एलिफंटा, सीएसएमटी आणि ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती अशी तीन जागतिक वारसास्थळं एका शहरात आहेत. यातलं काहीही आपण फुगवून सांगत नाही. जे आहे ते आहे.

गर्दीचा अभिमान कुणाला नसतो. त्या गर्दीत आपण माणसासारखे वागतो, त्याचा असतो. चौथ्या सीटवर सरकून जागा देणं हा मुंबईचा संस्कार आहे, आणि तो मला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

वऱ्हाडी ठेचा

कट्टासाहेब, काऊन जुनं उगाळता? २०२५ च्या फेब्रुवारीत नागपुरात रणजीच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि पुढे करंडकही घेतला. तेवढं लिहायचं राहिलं बघा!

कट्टा शिवाजी पार्क

मान्य. चांगले खेळलात. ४२ मधला एकही कमी होत नाही.

रातपाळी

मी नर्स आहे. परळच्या बाजूला एका रुग्णालयात एकोणीस वर्षं झाली, राहायला नालासोपाऱ्याला. माहेर लातूर जिल्ह्यातलं.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्यापुरतं सरळ उत्तर आहे. रात्री साडेबाराला मी एकटी गाडीत बसते आणि घरी पोहोचते. डब्यात पोलीस असतो. मासळीवाल्या मावशी असतात, कॅन्टीन बंद करून निघालेल्या बायका असतात. कुणाच्या मांडीवर कुणाचं डोकं पडलं तर ती उठवत नाही, स्टेशन आलं की हलवते. माझ्या गावाकडे संध्याकाळी सातनंतर माझी बहीण दळण आणायला एकटी जात नाही. त्यामुळे "मुंबईत बाई रात्री फिरू शकते" हे वाक्य कुणी म्हटलं की मला ते सवयीचं वाटत नाही. मी ते रोज जगते.

पण त्याच वाक्यातला दुसरा भाग कुणी बोलत नाही. माझं हे सुख डब्याच्या दारापर्यंत आहे. स्टेशनबाहेर अर्धा किलोमीटर दिवा नाही. तिथे नवरा स्कूटर घेऊन उभा असतो, रोज, एकोणीस वर्षं. त्याची झोप कुणी हिशेबात धरत नाही.

पक्का ठाणेकर

छान धागा. थोडं अवांतर, पण कट्टासाहेबांनी पहिली गाडी मुंबईच्या खात्यावर जमा केली म्हणून सांगतो. ती गाडी ठाण्यापर्यंत आली होती. गाडीला जायला गाव लागतं, नुसतं निघायला शहर असून भागत नाही :)

आणि मराठी ग्रंथसंग्रहालय आमच्या ठाण्यात १८९३ ला निघालं, मुंबईचं १८९८ ला. पाच वर्षांनी आम्ही मोठे. मुंबईकरांना हे सांगितलं की ते म्हणतात, "अरे, ठाणे म्हणजे मुंबईच की." अभिमानाची गोष्ट असली की ठाणे मुंबईत असतं. पत्ता सांगताना मात्र "अच्छा, ठाण्याला राहता का" असं होतं.

बोरिवली १९५५

ठाणेकरांचं दुःख मी समजू शकतो, कारण मी जन्माने मुंबईकर नाही. माझा जन्म बोरिवलीचा, १९५५ चा. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. म्हणजे मी दोन वर्षांचा असताना घर न बदलता मुंबईकर झालो. आमची आजी शेवटपर्यंत गिरगावला निघाली की "मुंबईला जाऊन येते" असंच म्हणायची. अजूनही आमच्या पिढीतले कितीतरी जण फोर्टात जायचं असलं की "मुंबईत जातो" म्हणतात.

तेव्हा हा अभिमान नेमका कुठल्या मुंबईचा, हेही बघायला हवं. माझ्या लहानपणीच्या बोरिवलीत भातशेती होती, राष्ट्रीय उद्यानातून रात्री बिबट्या खाली यायचा, आणि गिरगावातले नातेवाईक "गावाला जातो" म्हणून आमच्याकडे मे महिन्यात राहायला यायचे. आज तेच नातेवाईक गिरगावातली खोली विकून दहिसरला राहतात आणि आम्हाला मुंबईचं महत्त्व समजावून सांगतात.

बिबट्या अजून येतो, हे मात्र आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आणि त्यात बिबटे, हे अजून कुठे असेल तर मला कुणी सांगा. माझा अभिमान तेवढाच.

चाकरमानी

बोरिवलीकाका, अगदी बरोबर.

आमचं गाव देवगड तालुक्यात. वडील परळला गावकीच्या खोलीत राहायचे. दहा बाय बाराची खोली, अकरा माणसं, पाळीपाळीने झोप. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गोधडीवर. जेवण खानावळवाल्या बाईकडे. ती बाई उधारीवर जेवू घालायची म्हणून लोक टिकले. मुंबईचं कौतुक करायचं तर मी त्या बाईचं करीन.

मला एक गोष्ट नेहमी जाणवते. गणपतीला गावी गेलो की आम्ही मुंबईचं सांगतो, आणि मुंबईत परत आलो की गावचं. वडील गावात चावडीवर बसून ट्राम, राणीचा बाग, चौपाटी असं सांगायचे. अकरा माणसांची खोली कधीच नाही सांगितली. कशी सांगणार? ज्या जागेसाठी घरदार सोडलं ती जागा चांगली आहे, हे स्वतःलाच पटवून द्यावं लागतं. ताई, तुमचे वडील ज्वारीचं पोतं उतरवताना गप्प असायचे ते यामुळेच असेल असं मला वाटतं. आमच्याकडे पोत्यात तांदूळ असायचा, एवढाच फरक.

पाऊलवाट

वाचतेय. चाकरमानी यांचा प्रतिसाद फार आवडला.

कालिना ते मालाड

मी २६ जुलै २००५ बद्दल लिहिणार नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो.

त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नाही. म्हणजे अर्ध्या मुंबईला संध्याकाळपर्यंत काय झालंय हेच माहीत नव्हतं. मी दुपारी तीनला कालिन्याहून चालायला लागलो, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मालाडला पोहोचलो. कमरेएवढं पाणी. वाटेत एका वस्तीतल्या लोकांनी रस्त्याच्या मधोमध दोर धरून साखळी केली होती, उघड्या गटाराची जागा कुठे आहे ते ओरडून सांगत होते. स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं असताना! एका म्हाताऱ्या गृहस्थाने मला गॅसवर तापवलेला पाव आणि काळा चहा दिला. नाव विचारायचं राहून गेलं.

कुणी मला मुंबईत काय आहे असं विचारलं तर मी ती दोराची साखळी सांगतो. भाचीला गाडीत दिसली नसेल. ती रोज दिसत नाही, पण लागते तेव्हा असते.

अप स्लो

कालिना ते मालाड, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. तरी मला याच्याच दुसऱ्या बाजूबद्दल बोलायचंय, राग मानू नका.

प्रभादेवी आणि परळ स्टेशन जोडणारा तो अरुंद पूल. मी अकरा वर्षं तो जिना उतरलो. सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान त्या जिन्यावर पाऊल उचलायला लागायचं नाही, माणूस गर्दीबरोबर आपोआप खाली यायचा. आम्ही ते हसत हसत एकमेकांना सांगायचो. नवीन मुलगा ऑफिसात आला की त्याला शिकवायचो, बॅग पुढे घे, कोपर छातीशी धर. २९ सप्टेंबर २०१७ ला पाऊस आला, लोक आडोशाला जिन्यावर थांबले आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच स्टेशनवर उतरलो, कामावर गेलो. टीव्हीवर म्हणत होते, मुंबई थांबत नाही. मी थांबलो असतो तर माझा पगार कापला गेला असता, म्हणून गेलो. ११ जुलै २००६ ला गाड्यांत सात स्फोट झाले तेव्हाही दुसऱ्या दिवशी गेलो, त्याच पगारासाठी. माझ्या जाण्याला कुणी धैर्य म्हणतं तेव्हा मला राग येतो. अकरा वर्षं आम्ही त्या जिन्याची तक्रार करण्याऐवजी उतरायची युक्ती एकमेकांना शिकवत होतो. तुमची भाची जे म्हणाली ते हेच आहे, ताई. सहन करणं जमलं की आपण त्याला गुण म्हणतो, आणि एकदा गुण म्हटलं की पूल रुंद करा असं कुणी कुणाला म्हणत नाही.

आणि थांबते मुंबई. मार्च २०२० मध्ये थांबली. सगळ्यांसाठी लोकल सुरू व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्या उन्हाळ्यात जी माणसं नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चालत गेली, त्यांना मुंबईने थांबा म्हटलं नाही.

कट्टा शिवाजी पार्क

अप स्लो, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. चौथ्या सीटबद्दल मी वर लिहिलंय ते मागे घेत नाही. पण तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो याचा अर्थ बाक कमी आहेत, हे मी कधी म्हणालो नव्हतो. आज म्हणतो.

वरळीचा दर्या

आमची पिढीजात मासेमारी. मुंबई कुणाची या वादात मी पडत नाही, मुंबादेवी आमची, एवढं पुरे.

सागरी रस्ता मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. बाहेरच्या पाहुण्यांना मुंबईकर तो दाखवायला नेतात, मीही नेलं. चांगला आहे, दहा-बारा मिनिटांत वरळीहून मरीन ड्राइव्ह. पण आमच्या बंदराच्या तोंडाशी त्या रस्त्याचे खांब येणार होते आणि दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर. खवळलेल्या समुद्रात, वारा आडवा असताना, होडी त्यातून आणणं म्हणजे काय ते कागदावर कळत नाही. आम्ही १६० मीटर मागत होतो. किती महिने काम अडवून बसलो. शेवटी १२० झालं.

तेव्हा शहरातली माणसं आम्हाला म्हणायची, मुंबईच्या अभिमानाच्या कामात खोडा घालू नका. मला एवढंच सांगायचंय की अभिमानाचं काम बघताना त्याच्या खालून कोण जातं तेही बघावं.

वऱ्हाडी ठेचा

दर्याभाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून मला लिहावंसं वाटलं.

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, २,९२० मेगावॉटचं. उन्हाळ्यात तापमान ४६-४७ च्या पुढे जातं, त्यात कोळशाची राख. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रभर भारनियमन होतं ते आठवतं का कुणाला? मी बारावीला होतो. वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या दारात, आणि मी कंदिलावर अभ्यास केला. त्याच सुट्टीत काकांकडे मुंबईला आलो होतो. रात्री अकराला अख्खी इमारत उजळलेली. काका म्हणाले, "आमच्या मुंबईत लाइट जात नाही, बघ." तो त्यांचा अभिमान होता. मला काय बोलावं कळेना. काका स्वभावाने फार चांगले, माझ्यासाठी खूप केलं त्यांनी. पण ते वाक्य राहिलं मनात.

मुळशीकर

ठेचाभाऊंनी विजेचा विषय काढलाच आहे तर आमचंही ऐका.

मुंबईतली लाइट का जात नव्हती? कारण तिची स्वतःची सोय शंभर वर्षांपूर्वी झाली होती. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं. लोणावळ्याच्या वरच्या तळ्यांतलं पाणी घाटाखाली सोडून वीज करायची आणि मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. पुढे आमच्या मुळशीत धरण बांधायला घेतलं. त्याचं पाणी घाटाखाली भिऱ्याला जातं. खोऱ्यातली भाताची शेतं, देवळं, घरं पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट पुढे होते. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. धरण थांबलं नाही. धरणाच्या काठावरच्या आमच्या काही वाड्यांत वीज यायला कित्येक वर्षं गेली, हे मी आजोबांकडून ऐकलंय.

आता मुंबईकरांसाठी. दादरपासून गिरण्यांच्या मधून, रेल्वेला लागून जाणाऱ्या तुमच्या रस्त्याचं नाव सेनापती बापट मार्ग. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी खोरं बुडालं, त्यांच्याच दारातून. किती जणांना माहीत आहे?

आणि डबेवालेही आमच्याच बाजूचे. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव. तुमच्या अभिमानाच्या यादीतला मोठा भाग पुणे जिल्ह्यातून येतो, एवढं मोठ्या मनाने मान्य करा :)

बोरिवली १९५५

मुळशीकर, त्या रस्त्याचं जुनं नाव तुळशी पाइप रोड. आम्ही अजून तेच म्हणतो. तुळशी तलावाचं पाणी आणणाऱ्या नळावरून पडलेलं नाव. एकाच रस्त्याच्या दोन नावांत एकीकडे पाणी आणि दुसरीकडे वीज. सत्तर वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अप स्लो

आणि मी वर लिहिलेला पूल त्याच रस्त्यावर उतरायचा.

भाड्याची खोली

विषय गंभीर चाललाय, तरी तरुण माणसाचं रोजचं दुखणं लिहून टाकते.

मी सांगलीची, पाच वर्षांत चार घरं बदलली. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलालाचं एक महिन्याचं भाडं, पुन्हा अकरा महिने. एका सोसायटीत सगळं ठरलं होतं, किल्ली घ्यायला गेले तर सेक्रेटरींनी विचारलं, मासे-मटण खाता का. हो म्हटलं. किल्ली परत खिशात. मुंबईत! जिथली मूळ माणसं मासे धरून जगली तिथे. "मुंबई सगळ्यांना सामावून घेते" हे वाक्य मला यादीतून खोडायचंय. सामावून घेतात ती काही माणसं. नंतर मला खोली मिळाली ती मालवणी काकूंकडे, त्यांनी डिपॉझिट दोन हप्त्यांत घेतलं.

तरी परत जाणार का? नाही. मीटरने चालणारी रिक्षा, रस्त्यात कुणी नाव-गाव-जात न विचारणं, आणि आपण काय कपडे घातलेत याकडे कुणाचं लक्ष नसणं, या तीन गोष्टींसाठी मी आणखी चार घरं बदलीन.

पक्का ठाणेकर

रिक्षा मीटरने चालते, पण स्टेशनहून जवळचं भाडं सांगा, मग बघा. बाकी सहमत.

शहापूरचे गुरुजी

बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज लिहितो.

मी शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. भातसा धरण आमच्या तालुक्यात, तानसाही आमच्याकडेच. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आहे. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी जातं, त्यातला सर्वांत मोठा वाटा भातसाचा. फेब्रुवारी संपला की आमच्या कितीतरी पाड्यांवर टँकर सुरू होतात. पाचवी-सहावीतल्या मुली मार्चपासून शाळेत उशिरा येतात, कारण आधी पाणी. हजेरी घेताना मी दहा मिनिटं थांबतो.

आमच्या शाळेपासून मुंबईला जाणाऱ्या जलवाहिन्या दिसतात. माणूस उभा मावेल एवढ्या. गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "गुरुजी, यातून सारखं पाणी जातं का?" मी हो म्हटलं. "रात्री पण?" हो म्हटलं.

मुंबईबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. माझ्या वडिलांवर परळच्या टाटा रुग्णालयात उपचार झाले, नऊ महिने आम्ही धर्मशाळेत राहिलो. डॉक्टरांनी, शेजारच्या खाटांवरच्या माणसांनी, फुटपाथवर पोळीभाजी वाटणाऱ्यांनी आम्हाला धरून ठेवलं. जव्हारपासून गडचिरोलीपर्यंतचा माणूस शेवटची आशा म्हणून तिथेच येतो. त्या शहराला पाणी मिळालंच पाहिजे. फक्त मुंबईकर मुंबईची थोरवी सांगतो तेव्हा त्यात शहापूर हे नाव एकदा तरी यावं, असं वाटतं. आमच्या मुलांना त्याचा अभिमान वाटेल. आत्ता त्यांना नुसती तहान माहीत आहे.

कट्टा शिवाजी पार्क

गुरुजी, नमस्कार. मी आयुष्यभर दादरच्या पाण्याला "गोड पाणी" म्हणत आलो. मुंबईचं पाणी चांगलं, बाहेरचं बाधतं, हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य. शाळेला काही मदत करता येण्यासारखी असेल तर सांगा. साठवणुकीची टाकी, काहीही. आम्ही कट्ट्यावरचे सहा-सात निवृत्त लोक आहोत, वेळ आहे.

शहापूरचे गुरुजी

व्यक्तिगत निरोप पाठवतो, साहेब. टाकीचंच बोलू.

रातपाळी

गुरुजी, धर्मशाळेतली माणसं मी रोज पाहते. कॅन वॉर्डातून भरून नेतात. पाणी तुमच्याच तालुक्याचं असेल, हे आजवर डोक्यात आलं नाही.

माहेर लालबाग

सगळ्यांचे आभार. तीन दिवस मी काही लिहिलं नाही, कारण लिहायला काय आहे ते कळत नव्हतं.

काल रात्री हा धागा भाचीला वाचून दाखवला, अगदी पहिल्यापासून. अप स्लो यांच्या प्रतिसादावर ती काही बोलली नाही. रातपाळी यांचं वाचलं तेव्हा म्हणाली, "हे मात्र खरं आहे. नाशिकला मला रात्री अकराला एकटीला येता येणार नाही." मग गुरुजींचं वाचलं, तर ती उठून बसली. म्हणाली, "मावशी, ऊर्ध्व वैतरणा आमच्या इगतपुरी तालुक्यात आहे. घोटीहून जवळच. लहानपणी बाबा आम्हाला तिकडे सहलीला न्यायचे. ते पाणी खाली मोडकसागरात येतं आणि तिथून इकडे." आणि मग स्वयंपाकघरातल्या नळाकडे बघून म्हणाली, "मी सात महिने आमचंच पाणी पीत होते की."

चाकरमानी, तुम्ही वडिलांबद्दल जे लिहिलंत ते मला पटलं. त्यांच्या गिरणीतले माग खोपोलीच्या विजेवर चालले असतील, मुळशीच्याही. डबा शहापूरच्या पाण्यात धुतला असेल. जेवण साताऱ्याच्या ज्वारीचं. आणि ते म्हणायचे, मुंबई उपाशी झोपवत नाही. मला त्यांचं वाक्य खोडायचं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत संपाच्या काळात एकाही घराने दुसऱ्याच्या पोराला जेवायच्या वेळी दारातून परत पाठवलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकाचं पोतं आलं की चार घरांत वाटलं जायचं. ते वाटणं मुंबईचं होतं. ज्वारी मुंबईची नव्हती.

भाची रविवारी जातेय. मी तिला सोडायला घोटीपर्यंत जाणार आहे, दोन दिवस राहीन म्हणते. ती म्हणाली, धरण दाखवते. त्रेपन्न वर्षांत मी मुंबईचं पाणी कुठून येतं ते पाहिलेलं नाही.

शहापूरचे गुरुजी

ताई, गाडीने येणार असाल तर कसारा लोकल धरा. कसाऱ्याहून घाट चढून घोटीकडे जायला काळी-पिवळी जीप मिळते, सकाळी लवकर निघालात तर गर्दी कमी. उजवीकडच्या खिडकीला बसायला मिळालं तर बघा. आणि परत येताना वेळ असेल तर आसनगावला उतरा, शाळा तिथून लांब नाही. मुलांना सांगून ठेवतो.